नुसतं दाखवणारं औषध

दिवाळी उलटली की दिंडोरी रोडवरच्या आमच्या घरामागच्या बागेत फवारणी सुरू होते. सकाळी ट्रॅक्टर घरघरायला लागतो आणि वारा इकडचा असला की मी चहाचा कप घेऊन मुकाट्याने आत येते, खिडक्या लावते. शेजारीण म्हणते, ताई, तुम्ही उगाच घाबरता, पूर्वीसारखी जहाल औषधं आता राहिली नाहीत. नसतील. मी कुठं म्हणते आहेत म्हणून? मला त्या वासाचं वावडं आहे, एवढंच. भिजवलेल्या चुन्याचा आणि मोरचुदाचा वास नाकात शिरला की जीभ कडू होते आणि दिवसभर मी कुणाशी धड बोलत नाही.

बाकीच्यांना नाशिकचा हिवाळा फार आवडतो. पाहुणे खास या दिवसांत येतात. थंडी काय, हिरवेगार मांडव काय, घडांसोबत फोटो काय. आवडो बापडा. माझ्यापुरता या गावाचा हिवाळा ऐंशीच्या दशकातल्या त्या एका वर्षी थांबला, आणि नंतरचे सगळे हिवाळे मी त्याच्याशी ताडून बघत आले.

माझे मामा, सखाराम, दिंडोरीजवळ एका मोठ्या बागाईतदाराकडे फवारणीच्या टोळीचे मुकादम होते. सत्तरच्या आसपास त्या भागात द्राक्षाचे मांडव उभे राहायला लागले आणि बाजरी-भुईमूग काढणारी माणसं बघता बघता बागेची माणसं झाली. मामांनी तेव्हा पाठीवर पंप घेतला तो खाली ठेवलाच नाही. आज मोरचूद-चुना, उद्या गंधक. मांडवाखाली मान वर करून फवारायचं, म्हणजे निम्मं औषध पानावर आणि निम्मं माणसावर. नाकातोंडाला उपरणं बांधलेलं असे, पण विडी ओढायची तर ते खाली घ्यावं लागे, आणि मामा विड्या भरपूर ओढत. हिवाळाभर त्यांचे हात कोपरापर्यंत निळसर असायचे. सुट्टीत आजोळी गेले की त्याच हातांनी ते मला निवडून काढलेला घड द्यायचे आणि मामी आतून ओरडायची, आधी धुऊन तरी द्या तिला.

विडीनं झालं की फवाऱ्यानं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येणार नाही. लोकांना एक काहीतरी बोट दाखवायला हवं असतं. मी दाखवत नाही. दोन्ही त्यांच्या छातीत गेलं, एवढंच मला माहीत आहे.

मी वाढले नाशिकरोडच्या कामगार वसाहतीत. वडील कारखान्यात फिटर. घरात आणि आजोळात मिळून एम.एस्सी. झालेली मी पहिली. मुंबईला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, हार घातले, भाषणं झाली, आणि मी नेमकं काय करणार आहे हे एकालाही कळलं नाही. मामांनी मात्र समोर बसवून विचारलं. मी म्हटलं, आजारी पेशींच्या अंगावर काही खुणा असतात, निरोगी पेशींवर त्या फारशा नसतात. त्या खुणेलाच जाऊन चिकटेल असा पदार्थ उंदराच्या पेशींकडून तयार करून घ्यायचा. प्रतिपिंड म्हणतात त्याला. त्याला किरणं सोडणारं आयोडीन जोडायचं आणि माणसाच्या शिरेत टोचायचं. तो अंगभर हिंडतो, खूण सापडली की तिथं चिकटून बसतो, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याला ती जागा दिसते. मामा म्हणाले, म्हंजी चोराच्या पाठीवर रंग टाकायचा. मी म्हटलं, अगदी तसंच. दोघंही हसलो होतो तेव्हा.

सांगायला सोपं आहे हो. आयोडीन यायचं शिशाच्या डब्यातून, आणि आलं की घाई, कारण ते रोज थोडंथोडं संपत असतं. समोर शिशाच्या विटांची भिंत, हातात लांब चिमटे, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला, आणि शेजारी टिकटिकणारं यंत्र. प्रतिपिंडाला आयोडीन जोडायचं, पण बेतानं. जास्त जोडलं तर ते आंधळं होतं, त्याला खूणच ओळखू येत नाही. मग काचेच्या नळीतून गाळून सुटं राहिलेलं आयोडीन वेगळं काढायचं. एवढं करून माणसाला टोचावं आणि फोटोत दिसावं काय, तर यकृत. रक्त जिथं जास्त, तिथं उजेड. फुप्फुसाच्या जागी नुसता गढूळपणा. वर्षभर आम्ही यकृताचे फोटो काढत होतो. आमचे साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, हुशार आणि सज्जन माणूस, पण प्रत्येक फोटोनंतर त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

त्या पावसाळ्यात मामांचा खोकला वाढला. टीबी असेल म्हणून गोळ्या सुरू झाल्या. खोकणाऱ्या गरिबाला टीबीच असतो, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती, मामांचीसुद्धा. गणपती गेले, दसरा गेला, बागांची छाटणी झाली, कोवळे फुटवे आले, आणि मामा पंप उचलताना मटकन खाली बसले. थुंकीत रक्त होतं. मी त्यांना मुंबईला नेलं. उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, आजार तेवढ्याच जागेत असेल तर मी कापून काढतो, माणूस वाचायची आशा आहे. दुसरीकडे गेला असेल तर कापण्यात अर्थ नाही. आणि दुसरीकडे गेलाय की नाही, हे साध्या एक्स-रेत कळेना. तेच कळावं म्हणून तर आमचा सगळा खटाटोप चालला होता. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, तू हायस ना तिथं, मंग मला काय इचारती.

ते दिवस मामा माझ्या खोलीवर राहिले. गळ्यातल्या ग्रंथीनं ते आयोडीन ओढून घेऊ नये म्हणून आधीपासून साध्या आयोडीनचे थेंब पाण्यातून द्यायचे. मामा तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, आमच्या बागेतलं औषध याच्यापरास चवीला बरं असंल. मग इंजेक्शन झालं. आता फोटोसाठी काही दिवस थांबायचं, रक्तातलं उरलंसुरलं निघून जाईपर्यंत. या दिवसांत, आमच्याकडच्या शिस्तीप्रमाणं, पेशंटची थाळी-पेला वेगळा, त्याचं आपण वापरायचं नाही, लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ येऊ द्यायचं नाही. मी दहा पेशंटांना हे पाठ केल्यासारखं सांगितलं होतं. मामांसमोर कप ठेवला आणि सांगायला लागले, आणि वाक्य अर्ध्यातच सोडलं.

मामा कपाकडे बघत होते. लहानपणी गावात हॉटेलाबाहेर आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी टांगलेली असायची, ती त्यांनी स्वतः विसळून स्वतः टांगलेली होती. मी घाईघाईनं म्हटलं, मामा, हे किरणांमुळं आहे, थोड्या दिवसांपुरतं.

"असू दे गं," मामा म्हणाले. "कारण दर टायमाला कायतरी असतंच."

रागानं नाही म्हणाले. म्हणूनच मला जास्त लागलं. तेवढे दिवस ते कप स्वतः धुऊन खिडकीत पालथा घालत होते, मी सांगण्याआधीच. मी शास्त्र शिकले, नियम बरोबर होता, मी तो पाळला. आणि तरी त्या कपाची मला चीड येते.

फोटोच्या दिवशी मामा कॅमेऱ्याखाली उताणे पडले होते. आम्ही सगळे पलीकडच्या खोलीत पडद्यापुढं. तेव्हाचा फोटो आजच्यासारखा झटकन यायचा नाही. एकेक ठिपका पडत जायचा, आणि आपण नुसतं बघत बसायचं. यकृत उमटलं, ते उमटणारच. मग वर उजव्या बाजूला ठिपके दाट व्हायला लागले. गाठ. एक्स-रेत होती तिथंच, तेवढीच, स्पष्ट. साहेब खुर्चीतून उठले. वर्षभरात पहिल्यांदा आमचं औषध जायचं तिथं गेलं होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला आनंदानं. ठिपके पडतच होते. मग छातीच्या मधोमध एक पुंजका जमला, डावीकडे आणखी एक. आणि पाठीकडून घेतलेल्या फोटोत मणक्यावर. साहेब म्हणत होते, बघा, बारीक गाठीसुद्धा पकडल्या. आणि मी त्या गाठी मोजत होते.

आता आमच्या ऑफिसची एक रीत होती. कुणाला मुलगा झाला, कुणाचं प्रमोशन झालं, बंद पडलेलं यंत्र चालू झालं, की पेढे. साहेबांनी लगेच शिपायाला, पवारकाकांना, पिटाळलं. आणि पेढे वाटायचीही रीत ठरलेली, डबा उघडल्यावर नजरेला पडेल त्याच्या हातावर एक ठेवायचा, कुणाला वगळायचं नाही. लिफ्टवाला, झाडूवाली, बाकावर बसलेले पेशंट, सगळे. पवारकाका भला माणूस. त्यांनी बाकावर शर्टाची बटणं लावत बसलेल्या मामांच्या हातावर पेढा ठेवला. मामांनी विचारलं, कशाचे? काका म्हणाले, तुमच्याच फोटोचे, साहेब लई खूष आहेत.

मी बाहेर आले तेव्हा मामांनी अर्धा पेढा खाल्ला होता आणि अर्धा सुनंदासाठी, त्यांच्या मुलीसाठी, रुमालात बांधत होते. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की तो मला बघवेना. म्हणाले, बघ, तुझ्या हाताला गुण हाय. मी म्हटलं, मामा, अजून सर्जनसाहेब बघणार आहेत, ते काय म्हणतात ते बघू. त्यांनी ऐकलं नाही. ज्याच्या फोटोचे पेढे वाटले जातात, तो माणूस दुसरं काय समजणार? मी असते तर मीही तेच समजले असते.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकच्या गाडीत बसले. सर्जनांनी त्यानंतर फोटो पाहिला, मान हलवली आणि ऑपरेशनचा विषय संपवला. मी शनिवारी गावी पोचले, तोवर वस्तीभर झालं होतं. सखाराम वाचला, भाचीनं वाचवला. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. मामांनी बागाईतदाराला सांगूनही टाकलं होतं की ऑपरेशन उरकलं की पुढच्या छाटणीला मी परत हाय. मी मामीला चुलीपाशी गाठून खरं ते सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, त्यांना सांगू नको. माझ्या थोरल्या भावाचंही तेच मत पडलं. तेव्हा असंच होतं, आजार पेशंटचा आणि बातमी नातेवाइकांची. भाऊ म्हणाला, जेवढे दिवस आहेत तेवढे सुखानं जाऊ देत. मी म्हटलं, सुखानं कसे जातील? ते रोज ऑपरेशनची तारीख विचारणार, आणि रोज आपण कोणती थाप मारणार? बराच वाद झाला. शेवटी मी चपला घातल्या आणि बागेकडे चालू लागले.

मामा बांधावर घोंगडी पांघरून बसले होते. समोरच्या ओळीत त्यांचीच टोळी फवारत होती. मणी हरभऱ्याएवढे झाले होते, पानांवर निळसर डाग वाळत होते. मी शेजारी बसले आणि सरळ सांगितलं. ऑपरेशन करणार नाहीत, मामा. आजार एका जागेवर राहिलेला नाही, दुसऱ्या बाजूला आहे, मणक्यातही आहे.

"मंग पेढे कशाचे वाटले?"

मी म्हटलं, आमचं औषध आजवर चुकत होतं. या वेळी ते नेमकं आजारापाशी पोचलं. त्याचे.

"म्हंजी चोर घावला."

"हो."

"मंग मारला का नाय?"

"ते मारत नाही, मामा. नुसतं दाखवतं."

"नुसतं दाखवाया?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "आमच्या फवाऱ्यानं पानावरची डावणी मरती, समदी बुरशी मरती. तुमचं औषध पार त्याच्या उरावर जाऊन बसलं, आन काय केलं तर फोटो काढला?"

मी समजावून सांगायला लागले. म्हटलं, एवढ्याशा मात्रेत फक्त दिसण्यापुरती किरणं असतात. मारायला कितीतरी जास्त लागतील. त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाले, मंग जास्त घाल. मी हाय की तयार. तुझ्या साहेबाला इचार.

मामीनं मला त्यासाठी कधी माफ केलं नाही. मामांनी त्या दिवसापासून अन्न कमी केलं, आणि ती चारचौघांत म्हणायची, आजारानं न्यायच्या आधी हिच्या तोंडानं नेलं. म्हणू दे. मी गैर केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांच्या छातीत काय आहे हे साहेबांना ठाऊक, सर्जनांना ठाऊक, मला ठाऊक, मामीला ठाऊक, आणि ज्याची छाती त्यानं तेवढं पेढा खाऊन बसायचं? हे मला पटण्यासारखं नव्हतं.

सोमवारी मी साहेबांना विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की गाठ मरेल एवढी मात्रा दिली तर त्याआधी हाडातलं रक्त तयार करणारा मगज मरेल. शिवाय उंदराचा पदार्थ एकदा अंगात गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा दिलं तर शरीरच त्याच्यावर उलटू शकतं. परदेशात काही लोक या दिशेनं विचार करत आहेत, आपल्याकडे अजून वेळ आहे. वेळ आहे. शब्द बरोबर होता, माणूस तेवढा चुकीचा होता. मामांकडे वेळच नव्हता.

त्यानंतर मी दर शनिवारी नाशिकला जात होते. कसाऱ्याचा घाट चढून गार वारा लागला की मी खिडकी लावून घ्यायची. घरात पाऊल टाकलं की मामा विचारायचे, इचारलं का? मी सांगायची, विचारलं. नाही म्हणाले. ते म्हणायचे, परत इचार. मीही परत विचारायची, खरोखर विचारायची, आणि साहेब चष्मा काढून डोळे चोळायचे. मामा वाळत चालले, आवाज बसला, पाठ दुखायची म्हणून त्यांना आडवंही होता येईना, पण प्रश्न तोच आणि तसाच. बागाईतदारानं पहिल्या खुडणीची पेटी पाठवली होती. त्यातला एकही मणी त्यांनी तोंडात घातला नाही.

तो फोटो पुढं एका परिषदेत दाखवला गेला. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर भिंतभर मोठा. पुरुष रुग्ण, उजव्या फुप्फुसातली गाठ, इतरत्र पसरलेल्या गाठीही स्पष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, सुरेख केस आहे. मी मान डोलावली. त्या सभागृहात तो छातीचा पिंजरा ओळखणारी मी एकटी होते. मी टाळी वाजवली की नाही ते मला आठवत नाही. नंतरच्या वर्षांत असल्या औषधांनी बरीच मजल मारली, काही आजारांत ती आता दाखवतातही आणि मारतातही. वाचते मी अजून त्यातलं काही सापडलं तर. वाचून होतं, आणि मग संध्याकाळी जेवण जात नाही.

शेवटच्या खेपेला खुडणी संपत आली होती. बागेबाहेर रिकाम्या पेट्या आणि कागदाच्या चिंध्या उडत होत्या. त्या खेपेला माझ्याकडे पहिल्यांदाच नुसता नकार नव्हता. साहेब आदल्या दिवशी म्हणाले होते, ठीक आहे, मी समितीपुढं विषय मांडून बघतो, वचन देत नाही. एवढंच. पण घाटभर मी ते वाक्य तोंडात घोळवत आले होते. मामांना कोणत्या शब्दांत सांगायचं, किती आशा दाखवायची, किती नाही, सगळं ठरवून आले होते.

मामा भिंतीला उशी लावून बसलेले होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, यष्टीला गर्दी होती का? मी म्हटलं, होती. त्यांनी विचारलं, आईचे गुडघे कसे हायत? मी म्हटलं, तसेच. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मी अंधार पडेपर्यंत त्यांच्या पायापाशी बसून राहिले, आता विचारतील, मग विचारतील म्हणून. मामांनी विचारलं नाही.